ईमेल किती दिवस ठेवायचे, हे ठरवायचं कोणी?

ईमेल जपण्याचं काम आयटीकडे कोणी विचार करून सोपवलेलं नाही. सर्व्हर त्यांचा, रात्री बॅकअप टेप बदलणारी माणसं त्यांची, म्हणून जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात पडली. डिस्क भरत आली की ‘मेलबॉक्स रिकामा करा’ अशी सूचना निघायची आणि ज्याला जे नकोसं वाटे ते तो उडवून टाकी.

पुसलेलं खरोखर जातं का, हा प्रश्न १९८६ साली अमेरिकेत इराण-काँट्रा प्रकरणात (इराणला गुपचूप शस्त्रं विकून तो पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवल्याच्या प्रकरणात) पुढे आला. व्हाइट हाउसमधल्या ऑलिव्हर नॉर्थ आणि जॉन पॉइंडेक्स्टर या सुरक्षा अधिकाऱ्यांनी पुसलेले संदेश बॅकअप टेपवर शाबूत निघाले. पुढे १९९३ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की ईमेलची कागदावर छापलेली प्रत पुरेशी नाही. कोणी, कोणाला, केव्हा पाठवला ही माहिती छापताना गळून पडू शकते. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण ईमेल म्हणजे केवळ मजकूर नव्हे, हे त्यात मान्य झालं.

कंपन्यांना खरा हादरा बसला तो २००१-०२ मध्ये. दिवाळखोरीत गेलेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीचं ऑडिट करणाऱ्या आर्थर अँडरसन या फर्ममध्ये कागद फाडले गेले, ईमेल पुसले गेले, आणि आधार दिला गेला तो कंपनीच्याच जतन-धोरणाचा! त्यानंतरच्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याने तपासात अडथळा आणण्यासाठी दस्तऐवज नष्ट केल्यास २० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. डिसेंबर २००२ मध्ये पाच ब्रोकर कंपन्यांना ईमेल नीट न जपल्याबद्दल मिळून ८२.५ लाख डॉलर दंड झाला.

झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या, एका महिला कर्मचाऱ्याने बँकेवर भरलेल्या खटल्यात न्यायाधीश शिरा शेंडलिन यांनी २००४ मध्ये वकिलांनाही यात ओढलं: ‘काही पुसू नका’ असं पत्रक काढून भागत नाही, ते पाळलं जातंय का हेही पाहा. २०१८ पासून युरोपच्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याने उलटा ताण आणला: गरजेपेक्षा जास्त काळ वैयक्तिक माहिती ठेवूच नका.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. मुदत लीगलने (कायदा विभागाने) आणि ते काम करणाऱ्या विभागाने मिळून ठरवावी, अंमल आयटीने करावा, आणि धोरणाखाली एकाच जबाबदार माणसाची सही असावी. आजही अनेक ठिकाणी नोकरी सोडलेल्या माणसाचा मेलबॉक्स ३० दिवसांनी आपोआप उडतो. त्या माणसाशी वाद चालू आहे हे आयटीला ठाऊक नसतं, आणि ३० दिवसांची मुदत लीगलला.