एक ग्रॅमचं नाणं, अनोळखी शिक्का

बारा मिलिमीटर व्यासाचं, एक ग्रॅम शुद्ध सोन्याचं नाणं घेतलं तर त्याची सरासरी जाडी अर्ध्या मिलिमीटरलाही थोडी कमीच भरते. तेवढ्याच व्यासाचं आणि तेवढ्याच वजनाचं नाणं पितळेत पाडलं, तर जाडी दुपटीच्या वर जाते. सोन्याची घनता दर घन सेंटिमीटरला १९.३ ग्रॅम, पितळेची साधारण साडेआठ. फरक इतका मोठा आहे की शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरनेही तो कळतो. तरीही नाणं हातात आलं की बहुतेक जण आधी त्यावरचं नाव वाचतात.

गुरुपुष्यामृताला किंवा दसऱ्याला लक्ष्मी रोडवर जाऊन वेढणं घ्यायची पुण्याची जुनी रीत. आता त्याच्या जोडीला एक-दोन ग्रॅमची, अगदी अर्ध्या ग्रॅमचीही नाणी आली आहेत. बारशाला, मुंजीला द्यायला ती सोयीची पडतात. पण त्यातल्या कित्येकांवरचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं. काही परदेशी नाण्यांवर कुक आयलंड्स, नीउए अशा प्रशांत महासागरातल्या चिमुकल्या बेटांची नावं दिसतात, आणि ती पाडलेली असतात तिसऱ्याच देशातल्या टांकसाळीत. हे काही लबाडीचं लक्षण नाही, तो रीतसर चालणारा व्यवहार आहे. अनोळखी नाव म्हणजे खोटं सोनं नव्हे, आणि ओळखीचं नाव तर नकली नाणी पाडणारे सगळ्यात आधी उचलतात.

अनोळखी शिक्क्याचं नाणं खरं की खोटं, हा प्रश्न इथे नवा नाही. शिवराज्याभिषेकाच्या काळातला शिवराई होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा होता. पेशवाईत टांकसाळींचे परवाने खाजगी लोकांना मिळत, अशी एक टांकसाळ चिंचवडलाही होती. बाजारात तऱ्हेतऱ्हेचे शिक्के फिरत. पोतदार प्रत्येक नाणं पारखून घेत आणि कस कमी निघाला की बट्टा कापत. शिक्का कुणाचाही असो, पारख झाल्याशिवाय त्याला पूर्ण किंमत नव्हती. आज तीच पारख करताना एक अडचण येते, आणि लहान नाण्याचं सगळं विज्ञान त्या अडचणीत आहे. वस्तू लहान होत जाते, मोजमापातली चूक मात्र तेवढीच राहते.

घनता मोजायची रीत सोपी आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात सोडायचं. काटा दाखवतो ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. दहा ग्रॅमच्या चोख नाण्याला ०.५२ ग्रॅम आकडा येतो, २२ कॅरेटच्या नाण्याला ०.५६ ते ०.५७. घरातल्या साध्या, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावरही हे दोन वेगळे ओळखू येतात. आता एक ग्रॅमचं नाणं घ्या. त्याच काट्यावर ०.०५ किंवा ०.०६ यांपैकीच काहीतरी दिसणार. पहिल्या आकड्यावरून घनता २० निघते, दुसऱ्यावरून १६.७. खरं उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी हरवतं.

चांगल्या सराफाकडचा काटा मिलिग्रॅमपर्यंत वाचतो. त्यावर एक ग्रॅम चोख सोनं ५२ मिलिग्रॅम दाखवेल, २२ कॅरेट सोनं ५६. फरक फक्त चार मिलिग्रॅमचा. नाण्यावरच्या नक्षीत दोन मिलिमीटर व्यासाचा एक हवेचा बुडबुडा अडकला, तर तोही जवळजवळ चारच मिलिग्रॅमची भर घालतो. म्हणजे एका बुडबुड्याने २४ कॅरेटचं नाणं २२ कॅरेटचं ठरू शकतं. पाण्यात साबणाचा थेंब टाकून, नाणं हलवून बुडबुडे घालवावेच लागतात. सारख्या पाच-सहा नाण्यांची एकत्र घनता काढली तर चूक तेवढ्या पटीने कमी होते. मला हा मार्ग सगळ्यात आवडतो.

आवाजाची परीक्षा मात्र सोडून द्यावी. खणखणीत वाजणं मोठ्या, तांबं मिसळलेल्या नाण्यांना शोभतं. चोख सोनं मऊ असतं, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीच्या आवाजावरून काही ठरवता येत नाही. कसोटीचा दगड हीण ओळखतो, पण हजार भागांत ९९५ भाग सोनं आणि ९९९ भाग सोनं यांतला फरक सांगणं त्याच्या आवाक्यातलं नाही. शिवाय तो वरचाच थर घासून बघतो.

सराफाकडचं टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचं यंत्र क्ष-किरणांवर चालतं. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतं, त्यावरून यंत्र कशाचं किती प्रमाण आहे ते सांगतं. नाण्याला धक्का लागत नाही, मिनिटाभरात उत्तर मिळतं. पण सोनं हे किरण स्वतःच इतकं शोषतं की यंत्राला दिसतो फक्त वरचा दहाएक मायक्रॉनचा थर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साधा मुलामा याहून पातळ असतो, म्हणून तो पकडला जातो. जाड मुलामा सुटू शकतो. आपल्या बारा मिलिमीटरच्या नाण्यावर सगळीकडून दहा मायक्रॉनचा थर द्यायला साधारण ४७ मिलिग्रॅम सोनं पुरतं. फसवणाऱ्याला हा सौदा परवडतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मात्र तो यंत्रातून सुटला तरी मापातून सुटत नाही. आत पितळ ठेवून माप बरोबर राखलं, तर वजन अर्ध्या ग्रॅमच्याही खाली जातं. वजन राखलं तर जाडी वाढते. उलट सगळं नाणंच २२ कॅरेटचं असेल तर जाडीतला फरक नक्षीत झाकला जातो, पण मिसळ पृष्ठभागापर्यंत सारखीच असल्यामुळे यंत्र ती लगेच दाखवतं. एक परीक्षा जिथे आंधळी, तिथे दुसरी बघते. वजन, जाडी आणि टंच या तिन्ही गोष्टी एकाच नाण्यात बरोबर जुळवणं फार अवघड आहे.

या सगळ्यांतून निसटू शकतो तो टंगस्टन, कारण त्याची घनता १९.२५, सोन्याला जवळजवळ भिडलेली. मोठ्या लगडींच्या बाबतीत ही भीती खरी आहे. पण हा धातू कठीण आणि ठिसूळ. अर्ध्या मिलिमीटरच्या नाण्यात तो लपवून वर सुबक ठसा उमटवायचा तर खटाटोप मोठा आणि वाचणारं सोनं थोडं. तरी शंका असेल तर विद्युतवाहकता मोजणारं यंत्र कामाला येतं. टंगस्टनची वाहकता सोन्याच्या निम्म्याहूनही कमी असते.

अंतिम निवाडा अग्निपरीक्षेचाच. सोन्याचा तुकडा चांदीबरोबर शिशात गुंडाळून हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवतात. शिसं हिणकस धातू घेऊन सच्छिद्र मुशीत शोषलं जातं. उरलेल्या मण्यातली चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि मागे राहिलेलं सोनं तोलतात. अचूकता दहा हजारांत काही भागांपर्यंत जाते. पण नमुना कापावा लागतो, आणि एक ग्रॅमच्या नाण्याचा पाव ग्रॅम कापला तर नाणं उरलं कुठे? म्हणून ही परीक्षा व्हायला हवी ती ओतलेल्या संपूर्ण घाण्याच्या नमुन्यावर, नाणी पाडण्याआधी. नाणं काढणाऱ्याला विचारायचा खरा प्रश्न हाच: घाणा कुणी तपासला, आणि त्याचा पुरावा नाण्यावर किंवा कागदावर आहे का? भारतीय मानक ब्युरोचा परवाना असलेल्या शुद्धीकरण कारखान्याची खूण असेल तर तिथे उत्तर मिळतं. दागिन्यांसाठीच्या हॉलमार्क सक्तीतून दोन ग्रॅमखालच्या वस्तूंना सूट आहे, त्यामुळे इवल्याशा नाण्याच्या बाबतीत केवळ त्या सक्तीच्या भरवशावर राहू नये.

ऑनलाइन जाहिरातीत ‘एचजीई’ किंवा ‘१०० मिल्स .९९९’ असं दिसलं तर पुढे वाचायची गरज नाही. पहिल्याचा अर्थ सोन्याचा मुलामा. दुसऱ्यातलं ९९९ हे वरच्या थराबद्दल आहे, आणि मिल्स हे जाडीचं माप आहे, वजनाचं नाही.

प्लॅस्टिकच्या सीलबंद कार्डातलं नाणं उघडलं तर काही सराफ मोडताना भाव पाडतात, म्हणून लोक ते वर्षानुवर्षं तसंच ठेवतात. कार्ड ओळखीच्या कारखान्याचं असेल आणि पावती जवळ असेल, तर ठेवायला हरकत नाही. नाव अनोळखी असेल तर मात्र घेतल्या दिवशीच, विकणाऱ्याच्या समोर कार्ड उघडायला लावा, वजन आणि जाडी मोजा, आणि टंच काढून त्याचा कागद पावतीला जोडून घ्या.