हिप्पी कम्यून

हिप्पी कम्यून : अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ नोकरी-संसार नाकारणाऱ्या तरुणांनी थाटलेल्या सामायिक वसाहती.

‘हिप्पी’ शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. कृष्णवर्णीय जॅझ वादकांच्या बोलीतील ‘हिप’ (जाणकार) या विशेषणावरून तो आला, एवढे बहुतेकांना मान्य आहे. ‘हिप’चा संबंध काही जण पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेशी जोडतात; मात्र मधल्या काळाचा लेखी दुवा नसल्याने कोशकार सहसा तो स्वीकारत नाहीत. १९५० च्या दशकात जॅझच्या वर्तुळात उसनी ऐट आणणाऱ्या नवख्याला ‘हिप्पी’ म्हणत, म्हणजे शब्द मुळात हेटाळणीचा. सप्टेंबर १९६५ मध्ये मायकेल फॅलन या पत्रकाराने तो सॅन फ्रान्सिस्कोच्या हाइट-ॲशबरी भागातील तरुणांना लावला आणि तोच अर्थ पुढे रुळला, असे सामान्यतः मानतात.

ही चळवळ समूहभाव जोपासणारी होती की आत्ममग्न, याविषयी मतभेद आहेत. इतिहासकार ख्रिस्टोफर लॅश यांनी १९७९ मध्ये अमेरिकी समाजाच्या वाढत्या आत्मरतीवर टीका केली. उलट, धर्मांचे अभ्यासक टिमथी मिलर हे कम्यूनचे नाते शेकर पंथासारख्या (मालमत्ता सामायिक ठेवणारा ख्रिस्ती पंथ) जुन्या सहजीवनाच्या परंपरेशी जोडतात. त्यांचे मत प्रत्यक्ष वसाहतींच्या अभ्यासावर आधारलेले असल्याने अधिक ग्राह्य वाटते.

१९६६ च्या शरद ऋतूपासून हाइट-ॲशबरीतील ‘डिगर्स’ गट रोज दुपारी उद्यानात फुकट जेवण देई. दुधाच्या मोठ्या कॅनमधून रस्सा येई, पाव कॉफीच्या रिकाम्या डब्यांत भाजलेला असे. वाडगा ज्याने त्याने आणायचा आणि दृष्टिकोन बदलण्याची खूण म्हणून एका मोठ्या लाकडी चौकटीतून पलीकडे जायचे. भाजी गोळा करणे व रांधणे हे कष्ट मुख्यतः बायकांवर पडत. समूहभावाचे गुणगान करताना हे विसरणे अन्यायाचे होईल.

टेनेसीतील ‘द फार्म’ (१९७१) ही स्टीफन गॅस्किन यांची वसाहत अधिक टिकाऊ ठरली. तेथे तिजोरी एकच होती. आयना मे गॅस्किन यांच्या सुईणींनी वसाहतीबाहेरच्या बायकांचीही बाळंतपणे केली. १९७६ च्या भूकंपानंतर फार्मची ‘प्लेंटी’ संस्था ग्वातेमालात मदतीला गेली. कर्ज वाढल्याने १९८३ मध्ये सामायिक तिजोरी बंद होऊन प्रत्येकाला वर्गणी लागू झाली. पुष्कळ कुटुंबे निघून गेली, तरी वसाहत टिकली.

डिगर्सप्रमाणेच भारतात, गोव्यात ‘एट फिंगर एडी’ या नावाने परिचित असलेला अमेरिकी हिप्पी हणजूणला येईल त्याला फुकट जेवू घाली.