फ्रीजरवाल्या ट्रकमध्ये हवा खेळती असते?

बॉर्डर ओलांडायला लोक ट्रकमध्ये लपतात, त्यावर एक फॉरवर्ड कायम फिरतो: "रेफ्रिजरेटेड ट्रक सेफ, कारण मशीन बाहेरची हवा आत घेतं, फक्त थंडी सोसायची."

असं वाटणं साहजिक आहे, पंख्याचा आवाज येतो, वारं लागतं. पण ते मशीन आतलीच हवा ओढून, गार करून परत आत सोडतं, घरातल्या स्प्लिट एसीसारखं. बाहेरचा पंखा फक्त उष्णता बाहेर टाकतो.

मागच्या दाराला जाड रबर असतं. घरच्या फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा, सहज सुटत नाही, हे दार त्याहून घट्ट आणि बाहेरून लॉक.

आता हिशोब: बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के, आपल्या उच्छ्वासात ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ऑक्सिजन संपायच्या आधीच हा वायू त्रास द्यायला लागतो, डोकं दुखतं, गुंगी येते, आणि गुंगीत दार ठोकायचं भानही राहत नाही. फ्रोझन मालाला तापमान उणे १८ असतं ते वेगळंच. मशीन बंद असलं तरी सुटका नाही, इन्सुलेशनमुळे अंगाची उष्णता बाहेर जात नाही, आत भट्टी होते.

आतून ठोकल्याचा आवाज आला तर लगेच इमर्जन्सी नंबरला फोन करा.