हटके भिंतींचा जुना इतिहास

भिंत जरा हटके सजवायची म्हटलं की सल्ले ठरलेले असतात: रंगीत टेप लावा, स्टेन्सिलने नक्षी उठवा, जुनी छापील चित्रं चिकटवा, फोटोंची दाटी करा. यातलं फारसं काही नवं नाही. आणि यातल्या बऱ्याच युक्त्या निघाल्या त्या अडचणीतून. अस्सल वस्तू परवडत नव्हती, कर चुकवायचा होता, नाहीतर खोलीला खिडकीच नव्हती.

खिडकीवाचून अडलेली खोली थेट सम्राटाच्या घरातली आहे. रोमन सम्राट ऑगस्टस याची पत्नी लिव्हिया हिच्या रोमजवळच्या प्रिमा पोर्ता इथल्या वाड्यात अर्धवट जमिनीखाली असलेल्या एका दालनाच्या भिंतींवर सलग बाग रंगवली होती. पुढे ठेंगणं कुंपण, त्यामागे डाळिंबाची झाडं, फुलं, पक्षी, आणि पार मागे धूसर निळसर हिरवाई. निरनिराळ्या ऋतूंतली फुलं-फळं एकाच वेळी बहरलेली; खऱ्या बागेत हे जमलं नसतं. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात नक्कल दगडाची होती. गिलाव्यालाच उठाव देऊन, त्यावर रंग चढवून संगमरवरी लाद्यांचा भास केलेला. ऑगस्ट माऊ या जर्मन अभ्यासकाने 1882 मध्ये तिथल्या भित्तिचित्रांच्या चार शैली ठरवल्या, त्यातली पहिली हीच.

कागद भिंतीवर आला तोही नकलाकार म्हणूनच. इंग्लंडमध्ये सापडलेला सर्वांत जुना नक्षीचा कागद केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात छताच्या तुळयांवर चिकटवलेला होता. तो 1509 च्या सुमाराचा, आणि चक्क रद्दीच्या पाठीवर छापलेला: मागे आठव्या हेन्रीच्या राज्यारोहणाच्या वेळचा जाहीरनामा! पुढे मखमलीची हौस भागवायला कागदावर सरसाने नक्षी छापून त्यावर लोकरीची भुकटी भुरभुरवू लागले. सरसातल्या टर्पेंटाइनमुळे या कागदाला कसर लागत नसे. खऱ्या कापडी पडद्यांना मात्र लागायची.

1712 मध्ये ब्रिटनने छापील, रंगीत भिंत-कागदावर कर बसवला. लोकांनी वाट काढली: कोरा कागद घ्यायचा, भिंतीला लावायचा आणि मग घरीच त्यावर स्टेन्सिलने नक्षी काढायची. कर उठला 1836 मध्ये. तोवर हिरव्या कागदाची मोठी फॅशन आली होती, आणि तिने घात केला. त्या हिरव्या रंगात आर्सेनिक असायचं. ओल धरलेल्या भिंतीवर बुरशी चढली की त्यातून विषारी वायू सुटायचा. भिंतीची ओल कागदाखाली झाकू नये, हे तेव्हापासून पक्कं व्हायला हवं होतं.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती अठराव्या शतकातली ‘प्रिंट रूम’. गाजलेल्या तैलचित्रांच्या छापील प्रती विकत घ्यायच्या, कात्रीने कापायच्या आणि थेट भिंतीवर डकवायच्या. भोवतीची चौकट कागदाची, चित्र जिला टांगल्यासारखं दिसतं ती फीत कागदाची, फितीची गाठसुद्धा कागदाचीच. खिळा एकही नाही. आयर्लंडमधल्या कॅसलटाउन हाउसमध्ये लेडी लुईसा कॉनोली यांनी 1760 च्या दशकात सजवलेली अशी खोली अजून टिकून आहे. पैशाला तोटा नसलेल्या घरातही कात्री आणि खळ चालत होती. जमिनीपासून छतापर्यंत चित्रांना चित्रं खेटवण्याची पद्धतही त्याच शतकात पॅरिसच्या लूव्हरमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनांनी रूढ केली. फोटोंनी भरलेल्या आजच्या भिंतीचं मूळ तिथे आहे.

अडचणीचा संबंध नसलेलं आणखी एक उदाहरण आहे. अमेरिकन कलावंत सोल लेविट याने 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत सरळ भिंतीवर पेन्सिलने रेषा आखल्या. पुढे तो फक्त सूचना लिहून द्यायचा आणि रेषा दुसरेच कोणी काढायचे. प्रदर्शन संपलं की भिंत पुन्हा पांढरी.

आणि टेप? 1925 मध्ये अमेरिकेत रिचर्ड ड्रू याने मास्किंग टेप काढली ती दुरंगी मोटारी रंगवणाऱ्यांसाठी; आधीच्या टेपा काढताना रंगही उचकटायच्या. जपानमधल्या कुराशिकीची कामोई कंपनी 1923 मध्ये सुरू झाली ती माश्या पकडायचा चिकट कागद बनवत. नंतर ती रंगाऱ्यांसाठी पातळ कागदी टेप बनवू लागली. 2006 मध्ये तीन बायकांनी तिला कारखाना बघू देण्याची विनंती केली. त्या ही टेप कलाकुसरीला वापरत होत्या आणि त्यांना ती आणखी रंगांत हवी होती. त्यातून रंगीबेरंगी वाशी टेप (‘वाशी’ म्हणजे जपानी कागद) बाजारात आली. भाड्याच्या घरात खिळा ठोकायची सोय नसते, तिथे ही टेप चांगलीच चालते. काढताना टोक नखाने उचलून, भिंतीलगत मागे दुमडून सावकाश ओढायची. चुन्याच्या जुन्या भिंतीवर मात्र सांभाळून, टेपेबरोबर पोपडाही हातात येतो.