थांबा (सोलापूर जिल्ह्यातली छोटी रेल्वे स्टेशनं)

थांबा म्हणजे वेळापत्रकात ठरवून दिलेलं गाडी उभी राहायचं ठिकाण, आणि तिथं गाडी जेवढा वेळ उभी राहते तो वेळ पण थांबाच. मोठ्या स्टेशनवर हा शब्द कुणी फारसा काढत नाही कारण तिथं बहुतेक सगळंच थांबतं, पण सोलापूर जिल्ह्यात माढा, केम, जेऊर, वाशिंबे, पारेवाडी, पाकणी असल्या स्टेशनांवर माणसं आधी विचारतात ते हेच, "या गाडीला आपल्याकडं थांबा हाय का?" फलाट, बाकडी, नळ, पंखे हे सगळं त्याच्यानंतर येतं.

छोटं स्टेशन कशाला म्हणायचं ते रेल्वेनं ठरवून ठेवलंय. २०१७ पासून उपनगरी नसलेल्या स्टेशनांना एनएसजी १ ते ६ असे दर्जे आहेत, त्यातला सहावा म्हणजे वर्षाला १ कोटीपर्यंत उत्पन्न आणि १० लाखांपर्यंत प्रवासी. त्याच्याही खाली हॉल्ट, त्यांचे वेगळे तीन दर्जे. आता खरी गोम इथं आहे, सुविधा किती द्यायच्या ते दर्जावर ठरतं, दर्जा उत्पन्नावर आणि प्रवाशांवर, ते तिकिटांवर, आणि तिकिटं किती खपणार हे गाडी थांबते का यावर. गाडी थांबत नाही म्हणून तिकीट खपत नाही आणि तिकीट खपत नाही म्हणून गाडी थांबत नाही, या फेऱ्यात कितीतरी गावं वर्षानुवर्षं अडकलेली आहेत. नवीन थांबा मिळाला तरी तो बहुतेक वेळा प्रायोगिक असतो, साधारण ६ महिन्यांचा, मग विक्री बघून पुढं चालू ठेवायचा की काढायचा ते बघतात. म्हणून थांबा मिळाल्यावर गावातली शहाणी माणसं पोरांना बजावतात की फुकट बसू नका, तिकीट आपल्याच स्टेशनवरून काढा, आणि मला हे फार योग्य वाटतं.

स्टेशन आणि हॉल्ट यातल्या फरकाचा पण लोक गोंधळ करतात. नेहमीच्या स्टेशनला, म्हणजे ब्लॉक स्टेशनला, स्टेशन मास्तर असतो, सिग्नल असतात, पुढच्या स्टेशनकडून लाईन क्लिअर, म्हणजे पुढची लाईन मोकळी असल्याची परवानगी, घेऊनच गाडी सोडायची असते. हॉल्टला यातलं काहीच नसतं, फलाट असतो आणि बहुतेक ठिकाणी गावातलाच कुणीतरी कमिशनवर तिकिटं विकतो.

लाईन कशी आली

मुंबईहून येणारी लाईन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं टाकली आणि ती १८६० मध्ये सोलापूरला पोचली. गंमत अशी की बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ ला सुरू झाला, म्हणजे सोलापूर पुण्याला रुळानं जोडलं गेलं तेव्हा पुणे मुंबईला सलग जोडलेलंच नव्हतं, मधला घाट दुसऱ्या वाहनानं उतरायचा. आजचं कुर्डुवाडी तेव्हा बार्शी रोड होतं. तिथून १८९७ ला बार्शी लाईट रेल्वेची अडीच फूट रुंदीच्या रुळांची लाईन बार्शीपर्यंत सुरू झाली, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरचं हे काम, आणि १९५४ ला ती सरकारकडं आली. नंतर ही सगळी लाईन ब्रॉडगेज झाली.

दौंड ते सोलापूर बराच भाग कित्येक वर्षं एकेरी होता. भिगवण ते वाशिंबे हा शेवटचा तुकडा २०२२ मध्ये दुहेरी झाला, त्याच सुमाराला वीजपण आली. एकेरी लाईनच्या काळात क्रॉसिंग हा शब्द आमच्याकडं लहान पोरांनापण माहीत होता, समोरून गाडी येईपर्यंत पॅसेंजर लूप लाईनला, म्हणजे मुख्य रुळाशेजारच्या बाजूच्या रुळावर, उभी करायची आणि ती अर्धा तास, पाऊण तास तशीच उभी. तेवढ्यात माणसं खाली उतरून तंबाखू मळायची, बायका भुईमुगाच्या शेंगा घ्यायच्या.

आता क्रॉसिंग गेलं तरी लूपला उभं राहणं गेलेलं नाही. मागून जलद गाडी आली की पॅसेंजर बाजूला घेतात. १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू झाली, ती जिल्ह्यात सोलापूर सोडून कुर्डुवाडीला थांबते. मी एकदा पॅसेंजरमधनं उतरून फलाटावर उभा होतो तर अनाउन्समेंट नाही काही नाही, मास्तर नुसते हिरवा झेंडा घेऊन बाहेर आले आणि हातानंच "मागं व्हा, मागं" करायला लागले. आधी रूळ वाजायला लागले, मग एकदम वारा, लिंबाचा सगळा पाला उडून माणसांच्या अंगावर, एका आजींच्या डोक्यावरचा पदर पार खांद्यावर आला, आणि ते धप्प करून सगळं शांत. मग परत पॅसेंजरच्या सिग्नलकडं सगळ्यांच्या माना. अजूनही माणसं "सिग्नल पडला" असंच म्हणतात, खांबावरचा हात खाली पडायचा ते सिग्नल जाऊन दिव्याचे आले तरी शब्द तोच राहिला.

गाड्या

अप म्हणजे मुंबईकडं आणि डाऊन म्हणजे मुंबईकडून, हे इथं सगळ्यांना पाठ. सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईची आणि हुतात्मा एक्सप्रेस पुण्याची, या जिल्ह्याच्या स्वतःच्या मानलेल्या गाड्या. हुतात्मा हे नाव १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलेल्या सोलापूरच्या चौघांचं, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. पण छोट्या स्टेशनची खरी गाडी म्हणजे पॅसेंजर, आता काही ठिकाणी डिझेलवरची डेमू नाहीतर विजेवरची मेमू. कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं, दवाखान्याच्या फायली घेतलेली म्हातारी माणसं, सगळे तिच्यावर.

२२ मार्च २०२० नंतर गाड्या बंद झाल्या आणि परत सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर स्पेशल म्हणून आल्या, कमीत कमी तिकीट १० रुपयांचं ३० झालं. ते बराच काळ तसंच होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये परत १० वर आलं. दोन स्टेशनं पलीकडं जाणाऱ्या माणसाला २० रुपये जास्त म्हणजे काय ते रोज जाणाऱ्यालाच कळतं. त्याच काळात कितीतरी ठिकाणचे थांबे गेले आणि ते परत मिळवायला निवेदनं, रेल रोकोचे इशारे, खासदारांकडं खेटे असं सगळं झालं.

जलद गाडी थांबवायला रेल्वे का कचरते हेपण समजून घ्यायला पाहिजे. नुसत्या २ मिनिटांचा प्रश्न नसतो, लांबून ब्रेक लावायचे, थांबायचं, परत वेग पकडायचा, आणि तेवढा वेळ मागच्या गाडीची वाट अडते. मालगाड्या पण याच लाईनवर. हे सगळं खरं आहे, पण ज्या स्टेशनवर दिवसभरात दोनच गाड्या थांबतात तिथं तिसरी थांबवली तर माणसाचा अख्खा दिवस वाचतो, आणि हिशोब करताना तो दिवस कुणी धरत नाही असं माझं मत आहे.

फलाट, पाणी, तिकीट

उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो आणि खालचा ४५५ पर्यंत. खालच्या फलाटावर गाडीत चढायचं म्हणजे पायऱ्यांना लोंबकळूनच. माझ्या आजीला उतरवताना मी खाली, भाऊ वर दारात, आजीचा एक पाय पायरीवर आणि तिची पिशवी दातात धरलेली, गाडी दोनच मिनिटं थांबणार हे तिला माहीत म्हणून ती घाईत, आणि आम्ही "हळू ग आजी, हळू" म्हणतोय. फलाट उंच झाला की ही धडपड जाते, म्हणून फलाटाची उंची ही माझ्या दृष्टीनं शेड, पंखे, रंगरंगोटी सगळ्याच्या आधीची सोय आहे.

दुसरं म्हणजे लांबी. बऱ्याच गाड्यांत जनरलचे डबे पुढं आणि मागं टोकाला असतात आणि छोट्या स्टेशनवरची शेड असते मधोमध. २४ डब्यांची गाडी पाऊण-एक किलोमीटर नाही पण अर्ध्या किलोमीटरच्या वर नक्की जाते, म्हणजे जनरलवाला माणूस उन्हात, पावसात, फलाटाच्या टोकाला नाहीतर फलाट संपल्यावर खडीत उभा. गाडी आली की सगळे पळतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर शेडपेक्षा लिंबाचं झाडच बरं वाटतं, पत्रा तापतो आणि झाड तापत नाही.

पिण्याचं पाणी, बसायची जागा, सावली, दिवे, संडास-मुतारी, वेळापत्रकाचा फळा ही कमीत कमी सोय छोट्या स्टेशनलापण धरलेली आहे. प्रत्यक्षात एका स्टेशनवर बायकांच्या संडासाला कुलूप होतं आणि किल्ली आत ऑफिसमध्ये, बहिणीला ती मागायची लाज वाटली आणि ती तशीच दोन तास बसून राहिली. सोय बांधलेली असणं वेगळं आणि उघडी असणं वेगळं, तपासणीला येणाऱ्यांनी हे दार एकदा ओढून बघावं.

तिकिटाचं आता बरं झालंय. खिडकी आहेच, शिवाय मोबाईलवर आधी यूटीएस ॲप आलं आणि २०२५ पासून रेलवन ॲप. जनरल तिकिटाचा एक नियम लक्षात ठेवायचा, १९९ किलोमीटरपर्यंतचं तिकीट काढल्यावर ३ तासांत किंवा तिकडं जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करायचा, यातलं जे नंतर असेल ते. जिथं पुढची गाडी पाच तासांनी आहे तिथं हा "पहिली गाडी" शब्द फार कामाचा.

माल आणि वारी

छोटं स्टेशन म्हणजे नुसती माणसं नाहीत. केमचं कुंकू प्रसिद्ध आहे, देवस्थानांच्या गावी ते जातं. पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. आणि सांगोल्यानं तर दाखवूनच दिलं, २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल सांगोला ते पश्चिम बंगालमधलं शालिमार अशी निघाली, दोन हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास. पहिली किसान रेल त्याच वर्षी ७ ऑगस्टला देवळाली ते दानापूर निघाली होती. यात शेतकऱ्याला पूर्ण डबा भरायची सक्ती नव्हती, थोडाच माल असला तरी घेत होते, वाटेत चढउतार होती आणि फळं-भाजीच्या भाड्यात ५० टक्के सवलत. सांगोल्याचं डाळिंब या भानगडीत थेट पूर्वेकडं पोचलं. म्हणजे थांबा आणि मालधक्का दोन्ही असले तर तालुक्याच्या गावचं स्टेशनपण देशाच्या नकाशावर येतं.

आषाढी-कार्तिकीला कुर्डुवाडी-पंढरपूर-मिरज लाईनवर जादा गाड्या सोडतात. एरवी ओस पडलेल्या फलाटावर पताका, टाळ, तुळशीचे कुंडे, भाकरीची गाठोडी, पाय ठेवायला जागा नाही. त्या चार दिवसांत नळाला पाणी आहे का नाही यावर सगळं अवलंबून.

रोड लावलेली स्टेशनं

अक्कलकोट रोड, जिंती रोड, जुनं बार्शी रोड. नावापुढं रोड असलं की समजायचं गाव लांब आहे, तिथून पुढं दुसरं वाहन. अक्कलकोट रोडपासून अक्कलकोट दहा-बारा किलोमीटर, स्वामी समर्थांना येणारा भक्त इथं उतरतो आणि मग वडाप किंवा रिक्षा बघतो. करमाळ्याला जायचं तर जेऊरला उतरायचं आणि पुढं वीसेक किलोमीटर. म्हणून रात्रीच्या गाडीची वेळ आणि बाहेरच्या जीपची वेळ जुळली पाहिजे. गाडी दोन तास लेट असेल तर जीपवाले स्टेशनातच येऊन विचारतात, मास्तर कंट्रोलला, म्हणजे गाड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ऑफिसला, फोन लावून सांगतात "कुर्डुवाडी सोडली", मग ते बाहेर जाऊन सीटवर आडवे होतात, आणि लांबून हॉर्न ऐकू आला की एकेकाचे हेडलाईट पेटायला लागतात.