चाल एकाची, कागद दुसऱ्याचा : चित्रपटसंगीतातल्या अरेंजरची पार्श्वभूमी

पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये पोरं अक्षरांसोबतच पाच रेघांवरचे सूर वाचायला शिकत. व्हायोलिन हातात यायचं ते तिथंच. यातले कितीतरी जण पुढे मुंबईत मूकपटांच्या थिएटरांत आणि हॉटेलांच्या जॅझ बँडांत वाजवू लागले. 1931 साली बोलपट आला. फाळणीनंतर लाहोरच्या हॉटेलांतले काही वादक इकडे आले, 1950 च्या सुमारास दारूबंदीमुळे मुंबईतल्या हॉटेलांच्या रात्री ओस पडल्या, आणि ताडदेव, महालक्ष्मी, वांद्रे इथल्या स्टुडिओंना नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचणारी माणसं मिळाली.

या माणसांतूनच अरेंजर घडला. सिटिंगला, म्हणजे गाणं बसवायच्या बैठकीला, संगीत दिग्दर्शक हार्मोनिअमवर चाल ऐकवायचा. समोर बसलेला अरेंजर ती उतरवून घ्यायचा, मग व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट, बासरी यांचे पार्ट वेगवेगळ्या कागदांवर लिहायचा. तबला-ढोलकवाले कागद न पाहता, ऐकूनच बसवत. टेकच्या वेळी संगीत दिग्दर्शक बहुधा काचेपलीकडे ध्वनिमुद्रकाजवळ असे. हॉलमध्ये उभं राहून हातानं इशारे देणारा, कोणी कुठे शिरायचं ते सांगणारा माणूस अरेंजरच. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करायची सोय नव्हती, त्यामुळे शेवटच्या अंतऱ्यात एक व्हायोलिन चुकलं तरी गाणं पहिल्यापासून घ्यावं लागे.

पडद्यावर मात्र या माणसाचं नाव आलंच तर ‘असिस्टंट’ म्हणून. स्टुडिओत या शब्दाला अर्थ होता. चाली लक्षात ठेवणारा, गायकाला गाणं सांगणारा, रिहर्सल घेणारा तो असिस्टंट. लिहिणारा तो अरेंजर. कधी दोन माणसं, कधी एकच. श्रेयनामावलीनं दोघांना एकाच खुंटीला टांगलं. हेही खरं, की काही संगीत दिग्दर्शक इंटरल्यूडचा (गाण्याच्या ओळींमधल्या वाद्यसंगीताचा) सूर न् सूर स्वतः सांगत आणि अरेंजरकडे निव्वळ लेखनिकाचं काम उरे. पण काहींकडे मुखडा-अंतऱ्याच्या चालीपलीकडे काही नसायचं. गाणं सुरू होण्याआधीच ज्या व्हायोलिनच्या लाटेनं आपण ते ओळखतो, ती लाट अशा वेळी अरेंजरची असे. माझ्या मते तो त्या गाण्याचा सहसंगीतकारच.

कायद्यानं गुंता वाढवलाच. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या मूळ व्याख्येत संगीतकृती म्हणजे लिहिलेली, छापलेली किंवा रेखांकित स्वरूपातली सुरावट, हार्मनी (एकाच वेळी वाजणाऱ्या वेगवेगळ्या सुरांची जुळणी) किंवा दोन्हींचा मेळ. म्हणजे कृती ठरायला कागद हवा, आणि तो कागद अरेंजरच्या हातचा. तरी कर्ता म्हणून मान संगीत दिग्दर्शकाचाच. 1994 च्या दुरुस्तीनं लिहिण्याची अट काढली आणि नोटेशन करो न करो, रचणारा तो संगीतकार असं स्पष्ट केलं. हार्मोनिअमवर चाल बांधणाऱ्यांच्या दृष्टीनं ते रास्तच होतं. पण त्याच कायद्यात ‘अरेंजमेंट’ हा शब्द मूळ कृतीचं रूपांतर या अर्थानं आहे, म्हणजे ते करू देण्याचा हक्क मूळ कृतीच्या मालकाचा. 2012 साली गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, तेव्हाही अरेंजर दाराबाहेरच राहिला.

एकानं वेगळी वाट धरून पाहिली होती. माजोर्ड्याहून आलेल्या एका व्हायोलिनवादक अरेंजरनं 1958 साली मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागांवर बेतलेल्या आपल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. तिथं तो कुणाचाही असिस्टंट नव्हता.

ऐंशीच्या दशकात मल्टिट्रॅक आणि सिंथेसायझर आले आणि हॉल रिकामे होत गेले. आता मराठी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘संगीत संयोजन’ असा मानाचा शब्द दिसतो, पण तो संयोजक बहुतेकदा कॉम्प्युटरसमोर एकटा असतो. जुने पार्ट लिहिलेले कागद रेकॉर्डिंगनंतर बहुधा जपले गेले नाहीत. म्हणून पुण्या-मुंबईच्या ऑर्केस्ट्रांतले (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेगीतांचा रंगमंचावरचा कार्यक्रम) वादक आजही मूळ रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावून, कान देऊन, तेच इंटरल्यूड नव्यानं लिहून काढतात.