मिनी पिल

फक्त प्रोजेस्टिन हे एकच संप्रेरक असलेली, रोज घ्यायची गर्भनिरोधक गोळी. ‘माला-एन’सारख्या गोळीत प्रोजेस्टिनच्या जोडीला इस्ट्रोजेन असते, मिनी पिलमध्ये ते नसते. प्रोजेस्टिन म्हणजे शरीरातल्या प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे, प्रयोगशाळेत घडवलेले द्रव्य. त्यांपैकी नॉरएथिस्टेरॉन 1951 मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिंटेक्स कंपनीत लुइस मिरामोंतेस या तरुण रसायनतज्ज्ञाने तयार केले. त्या काळी अशा संप्रेरकांचा कच्चा माल मेक्सिकोतल्या रानकंदातून मिळे.

हेच औषध महाराष्ट्रात घरोघरी वेगळ्याच कामासाठी ठाऊक आहे. गौरी-गणपती किंवा लग्नकार्य तोंडावर आले की पाळी पुढे ढकलायला दुकानात मागतात ती 5 मिलिग्रॅमची गोळी नॉरएथिस्टेरॉनचीच. मिनी पिलमध्ये ते जेमतेम 0.35 मिलिग्रॅम असते. मात्रा मोठी म्हणजे संरक्षणही जास्त, असा हिशेब मात्र करू नये. सणापुरत्या घेतलेल्या त्या गोळ्या गर्भनिरोधासाठी नसतात.

मिनी पिलचे मुख्य काम गर्भाशयाच्या मुखाशी चालते. स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास तिथला स्राव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, तार धरणारा होतो आणि शुक्रजंतूंना वाट देतो. प्रोजेस्टिनमुळे तो घट्ट, चिकट राहतो आणि वाट बंद होते. पण एका गोळीचा हा परिणाम साधारण चोवीस तासच टिकतो. म्हणूनच या गोळीला घड्याळ लागते. नॉरएथिस्टेरॉन किंवा लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीला तीन तासांची सवलत असते : रोज रात्री साडेनऊला घेणारीने साडेबाराच्या आत घेतली तर चालते, एक वाजता आठवली तर ती चुकली म्हणायची. मग आठवेल तेव्हा लगेच घ्यायची, पुढची ठरल्या वेळी, आणि दोन दिवस निरोधही वापरायचा. 75 मायक्रोग्रॅम डेसोजेस्ट्रेलची गोळी स्त्रीबीज सुटणेच बहुतेक वेळा थांबवते, त्यामुळे तिला बारा तासांची मुभा आहे. ड्रोस्पिरेनोनच्या गोळीला चोवीस तासांची असली, तरी तिचे बाकी नियम निराळे आहेत.

वेळ न चुकवता घेतली तर वर्षभरात शंभरात एकीलाही दिवस जात नाहीत. प्रत्यक्षात विसराविसरी धरून हा आकडा सातच्या आसपास जातो.

दुसरी चूक पाकिटाची. माला-एनच्या पाकिटात 21 गोळ्यांनंतर लोहाच्या सात गोळ्या असतात. त्या सवयीने मिनी पिलमध्येही आठवडा सोडला जातो. बहुतेक मिनी पिलमध्ये मात्र 28 च्या 28 गोळ्या औषधाच्याच असतात. एक पाकीट संपले की दुसऱ्याच दिवशी नवे.

ही गोळी सोडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे अनियमित रक्तस्राव. मध्येच डाग पडतात, कधी पाळी लांबते, कुणाची बंदच होते. ‘घाण आत साठते’ हा समज चुकीचा आहे. गर्भाशयाचे अस्तरच पातळ राहते, त्यामुळे साठायला काही नसते. पण गोळ्या चुकलेल्या असतील तर तपासणी करून घ्यावी, आणि ओटीपोटात जोराची कळ आली तर थांबू नये, कारण क्वचित गर्भ गर्भनलिकेत रुजलेला असू शकतो.

इस्ट्रोजेन नसणे हाच या गोळीचा मोठा गुण. अंगावर पाजणाऱ्या बाईला ती चालते, दूध आटत नाही. रक्ताची गुठळी होण्याचा धोका असलेल्या, डोळ्यांपुढे प्रकाशरेषा दिसून अर्धशिशी उठणाऱ्या, किंवा पस्तिशीपुढच्या धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांनाही बहुधा हाच पर्याय सुचवतात. स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ती देत नाहीत. क्षयावरचे रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरच्या काही गोळ्या तिचा परिणाम घटवतात. आपल्याकडे क्षय किती, हे पाहता डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे.

आशाताईंकडून मिळणारी ‘छाया’ ही मिनी पिल नव्हे. तिच्यात लखनौच्या संशोधन संस्थेत तयार झालेले सेंटक्रोमन असते, संप्रेरक नसते. ती आधी तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घेतात. तीन महिन्यांनी टोचतात ते ‘अंतरा’ मात्र प्रोजेस्टिनचेच. संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीत 1.5 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असते, म्हणजे त्याच औषधाच्या पन्नास मिनी पिलइतके.

अमेरिकेत जुलै 2023 मध्ये नॉरजेस्ट्रेलच्या मिनी पिलला चिठ्ठीविना विक्रीची मुभा मिळाली. रोजच्या गर्भनिरोधक गोळीला तिथे अशी परवानगी त्याआधी कधीच मिळाली नव्हती.